फोल्डर पुरत नाहीत, टॅग लागतातच

वर कुणीतरी म्हटलंय की कॉम्प्युटरवरची एमपी३ गाणी नीट लावायला गायकाच्या नावाने फोल्डर केले की झालं, टॅगची (म्हणजे फाइलच्या आतच साठवलेली गाण्याचं नाव, गायक वगैरे माहिती) कटकट कशाला. मी पण तेच करायचो हो, पण मराठी गाण्यांत गायक, संगीतकार, गीतकार तिघंही महत्त्वाचे, मग सुधीर फडके गायक म्हणून ठेवायचे की संगीतकार म्हणून? फोल्डर एकच, टॅगमध्ये मात्र आर्टिस्ट आणि कंपोझर वेगळे रकाने असतात, शिवाय अल्बम आर्टिस्ट (अख्ख्या अल्बमसाठी एकच नाव लिहायचा रकाना) नीट भरलं नाही तर वेगवेगळ्या गायकांच्या एका कॅसेटचे प्लेअरमध्ये आठ तुकडे होतात.

मी एमपी३टॅग हे टॅग भरायचं सॉफ्टवेअर वापरतो, फाइलच्या नावावरून टॅग भरता येतात, दोनशे गाणी एका दमात. आधी एका फोल्डरची कॉपी करून तिच्यावर प्रयोग करून बघा, मी नव्हती केली, असो.

आता देवनागरीचं. एमपी३मधले टॅग आयडी३ नावाच्या पद्धतीने साठवतात, त्यातला जुना आयडी३ व्हर्जन १ म्हणजे फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला ३०, आणि देवनागरी धरायची सोयच नाही. व्हर्जन २.३ मध्ये यूटीएफ-१६ ने (देवनागरी अक्षरं साठवता येणारं एन्कोडिंग) सेव्ह करा, २.४ बऱ्याच जुन्या कार स्टिरिओना कळत नाही. माझ्या गाडीत तर टॅग बरोबर असूनही नुसते चौकोन दिसायचे कारण त्यात देवनागरी फॉन्टच नाही, ठाण्याच्या घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकून चौकोन बघत गाणं शोधायचं 😄 म्हणून पेनड्राइव्हवर रोमन टॅगवाली वेगळी कॉपी ठेवलीये.

आणि स्पेलिंग एकच ठरवा राव, फडके, एस फडके, बाबूजी असे तीन आर्टिस्ट झाले होते माझ्याकडे.