सोसायटी ग्रुप: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं

ए-२०१: नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ११ ला क्लबहाऊसमध्ये मिडब्रेन अ‍ॅक्टिवेशनचा, म्हणजे मुलांचा ब्रेन उघडून देतात त्या क्लासचा, डेमो ठेवायचा का? माझी भाची दोन दिवसांच्या वर्कशॉपनंतर पट्टी बांधून पेपर वाचते, कार्डाचा रंग सांगते. मी स्वतः बघितलंय

सी-४०३: अरे वा!! आमच्या दोघांची नावं घ्या 🙏

बी-३०२: ताई जरा थांबा, मोठा मेसेज आहे पण वाचा प्लीज. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाला असल्याच क्लासला घातलं होतं. घरी आला की सगळ्यांना वाचून दाखवायचा, आजीआजोबा खूश. एकदा मी सहज पुस्तक त्याच्या कपाळासमोर धरलं तर म्हणाला खाली घे ना, आणि मान सारखी वर. त्या रात्री झोपताना रडायला लागला, आई मला नाकाच्या बाजूने खालून दिसतं गं, सरांना सांगितलं तर म्हणाले तुझा ब्रेन अजून उघडला नाही, बाकीचे सगळे वाचत होते म्हणून मग मी पण वाचलं. आठ वर्षांचं पोर, इतके दिवस एकटंच मनात घेऊन फिरत होतं. पैशांचं जाऊदे, पण ते खोटं बोलत होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो हे अजून टोचतं मला

डी-१०४: बाळा तुझं कळलं गं, पण अतींद्रिय काही नसतंच असं कसं म्हणू. हे कारखान्यात पडले ना, त्या दुपारी घरी माझ्या हातातून पातेलं सुटलं, जीव घाबराघुबरा झाला, आणि तासाभरात निरोप आला

ए-६०१: वहिनी, तुम्हाला वाटलं ते खरंच वाटलं, त्यावर माझा अजिबात वाद नाही. फक्त जीव घाबरला आणि संध्याकाळी सगळे सुखरूप घरी आले असे दिवस आपण लक्षात ठेवत नाही, तेही मोजायला हवेत. अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं. दुसऱ्याच्या मनातलं कळणं, लांबचं दिसणं, पुढचं आधी कळणं हे सगळं त्यात येतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात हे मोजायचा प्रयत्न केला. २५ कार्डं, त्यावर गोल, अधिक, लाटा, चौकोन, तारा अशी पाचच चिन्हं, म्हणजे नुसत्या अंदाजाने सरासरी ५ बरोबर येणारच. त्यांना काही लोकांचे खूप जास्त आले, पण सुरुवातीची काही कार्डं इतकी पातळ होती की चिन्ह मागून दिसायचं, आणि दुसऱ्यांनी कडक बंदोबस्तात करून बघितलं तर तसे आकडे येईनात. अमेरिकन सरकारनेही हेरगिरीसाठी वीसेक वर्षं लांबचं बघणारी माणसं पोसली, शेवटी १९९५ मध्ये उपयोग नाही म्हणून बंद केलं

डी-१०४: मग आपले ऋषीमुनी?

ए-६०१: योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात परचित्तज्ञान वगैरे सिद्धी आहेत ना, पण तिथेच पतंजली म्हणतात की या समाधीच्या आड येणाऱ्या गोष्टी आहेत. दोन दिवसांत फी घेऊन शिकवायच्या असं कुठे आलं? आणि मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, तो जन्मापासून चालूच असतो. उजेडात बाहुली लहान होते, डोळे वरखाली फिरतात, त्यात त्याचाच मोठा वाटा आहे. तो उघडायचा कसला?

सी-४०३: पण काका डेमोत तर पट्टी घट्ट असते, वरून कापूस पण लावतात

बी-३०२: कितीही घट्ट बांधा, नाकाशेजारी फट राहतेच, आत्ता स्वतः ओढणी बांधून खाली बघा. पोहायचा चष्मा आतून काळ्या टेपने पूर्ण बंद करून द्या, नाहीतर कागद कपाळाच्या वर धरा, वाचन तिथेच थांबतं. पण हे चारचौघांत करू नका हं कोणी, मुलाचा तमाशा होतो. घरी एकट्याने, शांतपणे विचारा, आणि सांगितलं तर रागवू नका

ए-२०१: मी बहिणीला लगेच फोन केला. तिने पुस्तक डोक्यापाशी धरून बघितलं. भाची काहीच बोलत नाहीये, खोलीत जाऊन बसलीय. मी आत्ता निघतेय तिच्याकडे. रविवारचं रद्द करा