मदत हवी आहे: मुळशीतल्या उतारावरचं गिरिपुष्प कसं विरळ करू?

नमस्कार. दर रविवारी पुण्याहून मुळशीला जातो. तिथल्या घरच्या २ एकर उतारावर ऐन, हिरडा, जांभळाचं जंगल पुन्हा उभं राहावं, कार्बन खोडात आणि मातीत साठून राहावा, यासाठी धडपड चालू आहे. अडचण गिरिपुष्पाची. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड फार माजलंय. मेमध्ये बुंध्याशी तोडलं, तर ऑगस्टपर्यंत खुंटाला अंगठ्याएवढे धुमारे! साल सोलून पाहिली, तरी खालून फुटलंच. पण त्याच्याच सावलीत हिरड्याची रोपं तगलीत, म्हणून सरसकट तोडायला मन धजत नाही. मोकळं केलं की गवत वाढतं, मग वणव्याची धास्ती. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, दर डिसेंबरात काढतो. तणनाशक वापरणार नाही, उन्हाळ्यात पाणी नाही. अशात दरवर्षी किती झाडं काढावीत, आणि कोणत्या महिन्यात तोडली तर खुंट कमी फुटतात?