शब्दचर्चा : साक्ष, दावत, प्रेषित

मिशनकंपाउंड (मिरज)
आमच्या चर्चात 'साक्ष देणे' हा रोजचा शब्द आहे, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते चार लोकांत उभं राहून सांगायचं. पण शेजारच्या मुस्लिम चाचांना मी म्हटलं, आज माझी साक्ष आहे, तर ते म्हणाले "का रे बाबा, कुठल्या केसमध्ये अडकलास?" आता मला सांगा, मुस्लिम माणसाशी आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं तर मराठीत कोणता शब्द वापरावा? 'सुवार्ता' म्हणजे येशूची आनंदाची बातमी, हे त्यांना कळत नाही, 'प्रचार' म्हटलं की इलेक्शन आठवतं आणि 'धर्मप्रसार' म्हटलं की समोरचा खुर्ची मागे सरकवतो.

शेख_कृष्णाघाट
दादा साक्षच ठेवा की, आमचा कलमा, म्हंजे श्रद्धा जाहीर करायचं वाक्य, तोच साक्षीचा हाय. 'अशहदु' म्हंजे 'मी साक्ष देतो', त्यावरनंच कलम्याला शहादा म्हणतात, आणि शहीद पण त्याच धातूतला. चाचांना कोर्ट आठवलं कारण घरात आपण दखनी बोलतो, तिथं 'गवाही' म्हणतात, साक्ष हा शब्द फक्त तारखेला गेल्यावर कानावर पडतो. बाकी आमच्यात धर्माकडे बोलवायला 'दावत' म्हणतात, पण तो शब्द मराठी माणसापुढं काढू नका, तो सहकुटुंब बिर्याणीला येईल 😄

पोथीवाला
ग्रीकमध्येही हाच प्रकार आहे, 'मार्तुस' म्हणजे साक्षीदार आणि पुढे त्याचाच अर्थ धर्मासाठी जीव देणारा असा झाला. मराठीत मात्र हुतात्मा वेगळा आणि साक्षीदार वेगळा.

वकीलताई_सातारा
मला तर साक्ष हाच शब्द सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कोर्टातला असला तरी. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं, ऐकीव शक्यतो चालत नाही, उलटतपासणीला तयार राहायचं आणि निकाल देणं हे त्याचं काम नाही, सांगून झालं की पिंजऱ्यातून खाली उतरायचं. 'प्रसार' शब्दाचं म्हणाल तर तो घटनेच्या कलम २५ मध्येच आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. लोक बोलताना प्रसार आणि धर्मांतर एकाच पिशवीत टाकतात, म्हणून तर खुर्च्या सरकतात.

शेख_कृष्णाघाट
खरी गंमत 'प्रेषित' शब्दाची हाय बघा. मराठी पेपरात, पुस्तकात प्रेषित म्हटलं की आमच्या डोळ्यापुढं मुहंमद पैगंबर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम येतात. एकदा मिशन हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी बसलो होतो, शेजारच्या बेडवरचे काका वाचत होते 'प्रेषित पौल म्हणतो', मी दचकलोच, म्हटलं हे कोण नवीन.

मिशनकंपाउंड
हो हो, आमच्यात प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य आणि पौल वगैरे. यशया, यिर्मया अशा देवाचा निरोप सांगणाऱ्यांना आम्ही 'संदेष्टा' म्हणतो, तुमचा नबी म्हणजे आमचा संदेष्टा. 'प्रेषितांची कृत्ये' असं एक आख्खं पुस्तकच आहे बायबलात.

पोथीवाला
आणि उर्दू बायबलात त्याच पुस्तकाचं नाव 'रसूलों के आमाल', म्हणजे घोळ तिथंही तोच, कारण रसूल म्हणजे प्रेषितच, पण मुस्लिम माणूस रसूल म्हटल्यावर पौलाचा विचार करणारच नाही. कुराणात ईसाच्या, म्हणजे येशूच्या, शिष्यांना 'हवारी' म्हटलंय.

मिशनकंपाउंड
मग मी सरळ ईसा, इंजील, हवारी असेच शब्द वापरू का? नाताळला चाळीतल्या सगळ्यांना बोलवायचंय, कार्ड छापायला टाकायचंय म्हणून विचारतोय.

शेख_कृष्णाघाट
ईसा मसीह म्हणा, काही हरकत नाही, कुराणात त्यांना मसीह म्हटलंय आणि मरियमच्या नावाचा १९ वा सूराच हाय. पण इंजील जपून. आम्ही इंजील म्हणतो ते अल्लानं ईसांवर उतरवलेलं किताब, आणि तुमची शुभवर्तमानं, म्हंजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, चार, तीही मत्तय, मार्क अशा माणसांच्या नावांची. एकच शब्द पण माल वेगळा. तुम्ही इंजील म्हणून हातात दिलं आणि आत 'देवाचा पुत्र' निघालं, की माणूस म्हणणार फसवलं, कारण आम्ही रोज नमाजात म्हणतो की त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. येशूच्या क्रूसावरच्या मरणाचं पण तसंच, कुराण ते मानत नाही. मतभेद हाय तर हाय म्हणा की राव, आमचे शब्द पांघरून कशाला येता, तुमचेच शब्द घ्या आणि अर्थ सांगा, आम्ही चहा पीत ऐकतो.

वकीलताई_सातारा
शेखभाऊंशी सहमत. पण शब्द उसना घेणं म्हणजे दर वेळी फसवणूकच असं नाही हं, आमच्या साताऱ्यात ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' नावाचा येशूभक्तांचा मेळा काढला, त्यातला दरबार फारसीच की. तो शब्द सगळ्यांचा झाला होता, कुणाच्या पोथीतला नव्हता. रसूल, इंजील यांचं तसं नाही.

मिशनकंपाउंड
पटलं. कार्डावर 'येशू ख्रिस्ताच्या जन्मानिमित्त गाणी, साक्ष व अल्पोपाहार' असं टाकतो, आणि साक्ष म्हणजे काय ते चाचांना घरी जाऊनच सांगतो.

शेख_कृष्णाघाट
अल्पोपाहार कोण म्हणतं आता, केक लिहा. आणि केकात रम नाही हे ठळक अक्षरात.