बंद पडलेली इराणी हॉटेलं: नेमकं जे माहीत आहे ते इथे लिहा

मुंबईत धोबीतलावची बास्तानी गेली, पुण्यात डेक्कनचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. नाक्यावरच्या इराण्याबद्दल हळवं पुष्कळ लिहून झालंय. इथे तपशील हवेत. पाव कसा भाजला जायचा, चहा कसा व्हायचा, सामान कुठलं, व्यवहार कसा, दुकानं का मिटली. जाणकारांनी हात राखून लिहू नये.

भट्टीवाला

इराण्याची खरी मालमत्ता म्हणजे मागची भट्टी. विटांची भट्टी लाकडांवर तापवायची, निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग उतरत्या आचेवर माल लावायचा. पहिल्या कडक आचेत ब्रून (कडक कवचाचा पाव) आणि साधा पाव, त्यानंतर खारी, केक, नानखटाई. शेवटच्या उबेत कापलेल्या पावाचे टोस्ट वाळत पडायचे. एकदा पेटवलेल्या लाकडांत काउंटरवरच्या सगळ्या बरण्या भरायच्या. भट्टी बंद करून पाव बाहेरून आणायला लागला की आधी बरण्या ओस पडतात, मग टेबलं.

घरी ब्रून करायचा तर अर्धा किलो मैदा, 300 मिली पाणी, 9 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर. दूध, लोणी, तेल काहीही नको; ते पडलं की कवच मऊ होतं आणि साधा पाव हाती येतो. दहा-बारा मिनिटं मळा, दुप्पट फुगू द्या, गोळे करून पुन्हा 40 मिनिटं ठेवा. ब्लेडने एक उभी चीर द्या. ओव्हन 230 अंशांवर आधीच तापलेला हवा आणि तळाच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी. दहा मिनिटांनी पाणी काढून टाका, आणखी 12 ते 15 मिनिटं भाजा. शेवटी ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा, पाव पाच मिनिटं आतच राहू द्या. ही पाच मिनिटं चुकवली तर आतली वाफ बाहेर येता येता कवच चिवट करते. प्लास्टिकच्या पिशवीत भरलात तरी तेच. ब्रून कागदातच ठेवायचा आणि त्याच दिवशी संपवायचा.

कॅम्पातली

ब्रूनचं छान सांगितलंत. चहाचं मी सांगते. दूध आणि चहा एकत्र उकळायचे नाहीत. अर्धा लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर दोन तृतीयांश होईपर्यंत आटवा, साय मोडत राहा. दुसऱ्या भांड्यात दीड कप पाणी, चार चमचे डस्ट चहा आणि साखर, झाकण ठेवून दहा मिनिटं बारीक गॅसवर. कपात आधी कोरा चहा गाळायचा, मग वरून दूध. ‘पानी कम’ मागितला की दुधाचा हिस्सा वाढायचा. पत्ती भरड घेतली तर एवढ्या दुधापुढे रंगही टिकत नाही आणि कडकपणाही.

मावा केक बिघडतो तो थंड माव्यामुळे. फ्रिजमधला मावा गुठळ्या धरतो आणि त्या तळाशी बसतात. 150 ग्रॅम मावा हाताने मोकळा करून, 100 ग्रॅम लोणी आणि 200 ग्रॅम साखरेबरोबर हलका होईपर्यंत फेटा, मगच एकेक करून तीन अंडी.

जुनंसामान

काळ्या गोल खुर्च्यांविषयी. बीचचं लाकूड वाफेवर वाकवून खुर्ची करायची पद्धत व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने रूढ केली. त्यांची 1859 ची 14 नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग खोक्यात भरून बोटीने पाठवणं सोपं, म्हणून हा घाट जगभर पोचला. चोर बाजारात घेताना खुर्ची उलटी करून बसायच्या कडीच्या आतल्या बाजूला छाप किंवा कागदी लेबल आहे का बघा. ती डुगडुगत असेल तर खिळा ठोकू नका, वाकवलेलं लाकूड चिरतं. कडीखालचे स्क्रू आवळा. संगमरवरी टेबलाला लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका. आम्लाने पॉलिश जातं आणि डाग कायमचा राहतो.

भिंतीवरचे आरसे नुसते शोभेचे नव्हते. गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकाला मागची टेबलंही दिसायची.

ठाकुरद्वार

एक व्यवहार फारसा कुणी नोंदवत नाही. न मागता केक-खारीची बशी टेबलावर यायची, जेवढं खाल्लं तेवढ्याचेच पैसे. उठून गल्ल्याकडे निघालं की वेटर आतूनच आकडा ओरडायचा.

हे इराणी बहुतेक यझ्द आणि केरमान भागांतून 19 व्या शतकाच्या अखेरीला आणि 20 व्याच्या सुरुवातीला आलेले. शतकांपूर्वी गुजरातेत उतरलेल्या पारशांहून त्यांचं येणं वेगळं, आणि या इराण्यांत मुसलमानही होते. कोपऱ्याचा गाळा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून तो स्वस्तात मिळे असं सांगतात. दोन रस्त्यांवर उघडणारी दारं आणि भरपूर उजेड ही त्याचीच देणगी.

मिटण्याची कारणं बरीचशी कागदपत्रांत सापडतील. जागा पागडीच्या (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन घेतलेल्या भाड्याच्या), भाडी 1947 च्या भाडे कायद्याने गोठलेली, मालकी भागीदारीत. एकेका भागीदाराचे पुढे तीन-चार वारस, त्यातले बरेचसे परदेशात. पहाटे भट्टीपाशी उभं राहायला कुणी नाही, आणि नाक्यावरच्या जागेला बँका, औषधांची दुकानं देतील तो पैसा चहा-पावातून निघत नाही.

भट्टीवाला

त्यात इंधनाची भर घाला. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी ते हवंच होतं. पण गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये विटांची साठलेली, सावकाश उतरणारी आच मिळत नाही, प्रत्येक मालासाठी तापमान वेगळं लावावं लागतं. खारीला त्याने फरक पडत नाही. ब्रूनला पडतो. घरच्या ओव्हनमध्ये जाड दगडी लादी तासभर तापवून त्यावर भाजलात तर तळ बराचसा जमतो.