एमबीआर की जीपीटी: सेक्टरचा आकारही बघा
एमबीआर (जुनी) आणि जीपीटी (नवी) या डिस्कवरच्या पार्टिशनचा, म्हणजे भागांचा, तक्ता ठेवायच्या दोन पद्धती. '2 टीबीच्या वर एमबीआर चालतच नाही' असं म्हणतात, ते 512 बाइटच्या सेक्टरपुरतं (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) बरोबर आहे. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत मावावा लागतो, म्हणून ती मर्यादा. पण काही यूएसबी केस (डिस्क बाहेरून जोडायचे डबे) आतल्या डिस्कचे सेक्टर 4096 बाइटचे असल्याचं कॉम्प्युटरला सांगतात, आणि मग मर्यादा आठपट होते.

माझी 3 टीबीची डिस्क अशीच होती. केसचं सर्किट जळलं म्हणून डिस्क काढून थेट साटा केबलने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या केबलने) जोडली, तर सेक्टर 512 बाइटचे धरले गेले, म्हणून जेमतेम 350 जीबीचं पार्टिशन दिसलं आणि विंडोज फॉरमॅट करायला सांगू लागलं. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात! नशीब, ओके दाबलं नाही. तसलीच दुसरी केस मिळवली, तेव्हा सगळं जसंच्या तसं परत आलं. जीपीटीनेही इथे वाचवलं नसतं, कारण तिचा हेडर (तक्त्याची सुरुवातीची नोंद) सेक्टर क्रमांक 1 वर असतो आणि सेक्टरचा आकार बदलला की ती जागाच बदलते. नव्या डिस्कला जीपीटीच द्या, तक्त्याची दुसरी प्रत शेवटी राहते. पण केसमधली डिस्क असेल तर विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बाइट्स/सेक्टर' आधी बघून ठेवा.