पानशेतच्या पुराचे फोटो: काचेला चिकटले असतील तर

पानशेत धरण फुटून पुण्यात १२ जुलै १९६१ ला आलेल्या पुराचा फोटो काचेला चिकटला असेल, तर तो ओल्या कापसाने सोडवावा, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. कृष्णधवल फोटोतली चांदी जिलेटिनच्या थरात असते. पाणी लागलं की थर फुगतो, मऊ पडतो आणि ओढताना चित्र काचेवरच राहतं. मागचा पुठ्ठा काढा, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकट स्कॅन करा. स्कॅनर सीसीडी सेन्सरचाच (आत आरसे आणि भिंग असलेला, जरा जाड) हवा. पातळ, स्वस्त सीआयएस (कागदाला टेकून वाचणाऱ्या सेन्सरच्या) स्कॅनरला काचेच्या जाडीपलीकडचं धूसर दिसतं. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), त्याहून लहानाला १२००. मूळ फाइल टिफमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात) ठेवा, जेपेग (आकार लहान, पण दर्जा थोडा घटवणारी) फक्त पाठवायला.

सुट्या फोटोंची मागची बाजूही स्कॅन कराच, स्टुडिओचा शिक्का तिथेच सापडतो. नवी नोंद मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. नुसतं ‘पूर’ लिहून काहीच कळत नाही. पेठ, रस्ता, कॅमेऱ्याचं तोंड कुठे, हे लिहा.

आणि तारीख तपासा. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड दिसला, तर तो फोटो पानशेतच्या पुराचा, म्हणजे १२ जुलै १९६१ चा, असूच शकत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला.