'झुशी'ला देव्हारा म्हणावे काय?

शब्दवेडी: एका जपानी वस्तूचे वर्णन मराठीत आणताना माझे अडले आहे. लाकडी, जेमतेम वीतभर उंच, बाहेरून काळे लाखकाम, आतून सोनेरी. समोरच्या दोन झडपा उघडल्या की खड्ग आणि पाश घेतलेला फुदो म्योओ, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील अचल, दिसतो. जपानीत हिला 'झुशी' म्हणतात. मी 'देव्हारा' लिहिले. संपादकांनी ते खोडून 'लघुमंदिर' केले.

जुनापाना: 'लघुमंदिर' हा शब्द कोणाच्या घरात कोणी उच्चारल्याचे मला ठाऊक नाही. शिवाय 'लघु' कशासाठी? नारा प्रांतातील होर्यूजी विहारात सातव्या शतकातली तामामुशी झुशी आहे. भुंग्यांच्या चमकत्या पंखांनी सजवलेली ही झुशी दोन मीटरांहून उंच आहे. देव्हाराच योग्य, तो 'देवगृहा'वरूनच आला असावा.

कोकणस्थळ: व्युत्पत्ती मान्य, उपयोग नव्हे. आपल्या देव्हाऱ्यात टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख असा सगळा परिवार नांदतो, तर झुशीत बहुधा एकच मूर्ती असते आणि तीही पुष्कळदा बंद झडपांआड. देव्हारा हा शब्द शिंतो घरांतल्या 'कामिदाना'ला अधिक शोभेल, जरी त्या फळीवर मूर्तीऐवजी ईसेसारख्या देवस्थानाचा नामपट्ट असतो आणि पुढे तांदूळ, मीठ, पाणी ठेवतात. झुशीसाठी 'संपुट' घ्यावा.

बिनटोपी: हा शुद्धतेचा सोस झाला. पॅगोडा चालतो, तर झुशीही चालावी. गंमत म्हणजे त्या शब्दातले पहिले चिन्ह स्वयंपाकघराचे आहे, आणि आमच्या आजीचा देव्हाराही चुलीशेजारच्या कोनाड्यातच होता.

जुनापाना: तो योगायोग आहे, त्यावर शब्दाचे देव्हारे माजवू नयेत.

शब्दवेडी: माझ्या यादीत पुढची झुशी कांगितेनची आहे. त्याला सरळ 'गणपती' लिहू का?

कोकणस्थळ: मुळीच नको. मूळ आपल्या विनायकाचे असले, तरी तिथे आलिंगन दिलेली गजमुखी जोडी असते, ती सहसा कोणालाही दाखवत नाहीत आणि तोक्योतील आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात तिला पांढरा मुळा वाहतात.

बिनटोपी: मुळ्याचेच का सांगता? क्योतोत मिळणारे 'कान्किदान' हे तिळाच्या तेलात तळलेल्या पुरचुंडीसारखे पक्वान्न त्याच देवाच्या नैवेद्याचे आहे आणि आत गोड पुरण असते. तो तळणीचा मोदकच आहे.

जुनापाना: उकडीचा नसेल, तर आमच्याकडे त्याला मोदक म्हणत नाहीत.